बेस गिटारला नवा नेक

बेस गिटारचा नेक बॉडीला चार स्क्रूंनी धरलेला असतो. चारही स्क्रू पाठीमागून, धातूच्या एका चौकोनी पट्टीतून, बॉडी पार करून नेकच्या बुडख्यात शिरतात. पेचकस फिरवता येणाऱ्या कुणालाही ते काढता येतात, आणि सगळ्या कटकटींचं मूळ नेमकं इथेच आहे. व्हायोलिनची मान सरसाने चिकटवलेली असते; मिरजेच्या तंबोऱ्याची दांडी भोपळ्याशी कायमची जोडलेली असते. ती मोडली तर मालक निमूटपणे कारागिराचं दार गाठतो, त्याने दिलेल्या तारखेच्या पुढे महिनाभर हेलपाटे घालतो आणि सांगेल ते पैसे मोजतो. बेसचा मालक मात्र शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर टेबलावर जुनी चादर अंथरतो आणि स्वतःच कामाला लागतो.

ही सोय लिओ फेंडर यांची. स्क्रूने जोडलेला नेक त्यांच्याआधीही होता. १९३०च्या दशकात रिकनबॅकरने बेकलाइटची तशी गिटार काढली होती. पण ही युक्ती जगभर पोहोचवली ती फेंडर यांनी. शिक्षणाने ते हिशेबनीस, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्यांनी रेडिओचं दुकान थाटलं, आणि गिटार वाजवायला ते आयुष्यभर शिकले नाहीत. वाजवणाऱ्याने गिटार केली असती तर आधी सुराचा विचार झाला असता, नक्षीचा झाला असता. रेडिओवाल्याने आधी दुरुस्तीचा विचार केला. बिघडलेला भाग काढायचा, चांगला बसवायचा, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही. १९५१ साली याच हिशेबाने प्रिसिजन बेस बाजारात आला. तोवर बेस वाजवणारा माणूस स्वतःपेक्षा उंच डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडत असे. त्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. चार स्क्रूंकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

नेक बदलण्याची रास्त कारणं थोडीच आहेत. लाकूड पिळवटतं आणि मग कशानेही सरळ होत नाही. आतला ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणापुढे नेक वाकू नये म्हणून घातलेली लोखंडी सळई, तुटतो. पडदे झिजून संपतात. किंवा बेस स्टँडवरून तोंडावर पडतो आणि खुंट्यांचा भाग वेगळा होऊन हातात येतो. प्रत्यक्षात बदलल्या जाणाऱ्या पुष्कळशा नेकना यांतलं काहीही झालेलं नसतं. मालकाला फक्त निमुळता नेक हवा असतो. जुन्या प्रिसिजनचा नेक नटपाशी, म्हणजे तारा खुंट्यांकडे जाताना ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिथे, ४४ मिलिमीटर रुंद आहे. १९६० साली आलेल्या जाझ बेसचा ३८. एवढी वर्षं आपली बोटं अडत होती ती या सहा मिलिमीटरमुळेच, असं मालकाचं ठाम मत झालेलं असतं आणि रियाझाचा विषय तिथेच संपतो.

दुसरं मोठं आकर्षण बिनपडद्याच्या नेकचं. जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२च्या जाझ बेसचे पडदे उपटले, राहिलेल्या भेगा भरल्या आणि वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं, ही हकीकत बेसवाल्यांना तोंडपाठ असते. ती ऐकून घरच्या पक्कडीने स्वतःच्या नेकचे पडदे उपटणारेही बरेच निघतात. नवा नेक विकत घ्यावा लागण्याचं तेही एक कारण आहे.

निवडताना पहिली पाहायची गोष्ट म्हणजे स्केल, अर्थात नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागापर्यंत, तारेची लांबी. प्रिसिजन आणि जाझ या दोघांचीही ती ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. १९६६ साली आलेल्या मस्टँग बेसची ३० इंच. पडदे कुठे ठोकायचे हे या लांबीवरून ठरतं: दर पडद्यागणिक उरलेली तार ठरावीक प्रमाणात आखूड होत जाते आणि बाराव्या पडद्यावर ती बरोब्बर निम्मी होते. घोडं अडतं ते असं की, या गणिताचा एक भाग नेकवर असतो आणि दुसरा बॉडीवर. पडदे नेकबरोबर येतात. ब्रिज मात्र बॉडीवर आधीपासून घट्ट बसलेला असतो, आणि तो बसवणाऱ्याने या नेकचं नावही ऐकलेलं नसतं. ३४ इंची नेकच्या विसाव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंत २७२ मिलिमीटर भरले पाहिजेत. चार-पाच मिलिमीटरची तफावत ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, पुढेमागे करून झाकता येते, त्यापुढे नाही. ३० इंची नेक ३४ इंची बॉडीवर चढवला तर मोकळी तार सुरात लागते, आणि हात वर सरकेल तसा प्रत्येक स्वर आणखी थोडा उतरत जातो. श्रोत्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही, कारण बेस वाजतोय हेच त्यांच्या लवकर लक्षात येत नाही. गायकाच्या चेहऱ्यावर मात्र ते पहिल्याच कडव्यात दिसतं.

मग बुडख्याची रुंदी. फेंडर पद्धतीच्या बेसला ती अडीच इंच, साधारण ६३ मिलिमीटर. सहा तारांच्या गिटारला ५६. स्वस्तात मिळाला म्हणून मागवलेला गिटारचा नेक बेसच्या बॉडीत नेकसाठी कोरलेल्या खाचेत ठेवला की बाजूला पेन्सिल मावेल एवढी फट राहते, आणि माल परत करण्याच्या अटी तेव्हा पहिल्यांदा वाचल्या जातात. खाचेची खोली १६ मिलिमीटरच्या आसपास, बुडख्याची जाडी एक इंच. प्रिसिजन आणि जाझ यांची खाच सारखीच, म्हणून एकाचा नेक दुसऱ्यावर राजीखुशीने जातो. बाकीच्यांच्या बाबतीत खोक्यावर छापलेलं ‘स्टँडर्ड फिटिंग’ शुभेच्छांच्या सदरात मोडतं. खुद्द फेंडरच्या घरातही सगळं आलबेल नव्हतं. १९६५ साली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली, आणि पुढच्या दशकातल्या कित्येक बेसच्या खाचेत नेकशेजारी व्हिजिटिंग कार्ड सहज सरकतं. याच काळात जाझ बेसचा चौथा स्क्रूही गेला आणि काही वर्षं तीन स्क्रूंवर निभावण्यात आलं. ते बेस आज चांगल्या किमतीला जातात, आणि ती फट अस्सलपणाची खूण म्हणून कौतुकाने दाखवणारेही आहेत.

नेक बहुधा मेपलचा असतो. बोटं जिच्यावर फिरतात ती वरची पट्टी मेपलची किंवा शिसवी. ब्राझीलचं शिसवी लाकूड दुर्मिळ झाल्यावर १९६०च्या दशकात फेंडरने भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. त्यामुळे दक्षिण भारतातलं लाकूड समुद्रापार जातं, पट्टी होतं, आणि नाशिक किंवा पुण्याचा बेसवाला विमानभाडं आणि जकात भरून ते पुन्हा घरी आणतो. २०१७ साली या जातीच्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा सोबत कागदपत्रंही लागू लागली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना त्यातून सूट मिळाली.

जुना नेक काढण्याआधी तारा उतरवाव्या लागतात. चार तारांचा मिळून ताण ७५ ते ८० किलोच्या घरात असतो, तेव्हा आधी चारही खुंट्या थोड्या थोड्या सैल करायच्या आणि मगच तारा काढायच्या. तारा ताणलेल्या असतानाच स्क्रूंना हात घालणारे लोक आहेत. दुसऱ्या वेळी ते असं करत नाहीत. चार स्क्रू निघून वाटीत पडतात आणि नेक तसूभरही हलत नाही. इथे मालकाला पाचव्या स्क्रूचा संशय येतो. तो पिकगार्ड उघडतो, पिकअप उचकटतो, पट्टीखाली टॉर्च मारतो. पाचवा स्क्रू नसतो. वर्षानुवर्षांत खाचेतल्या रंगाने आणि पॉलिशने नेकला धरलेलं असतं, एवढंच. बॉडी मांडीवर धरून नेक हलकेच खालीवर केला की ‘कट्’ असा आवाज होऊन तो सुटतो. हा आवाज ऐकून मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो, पण तो तसाच यायला हवा. पेचकसाचं टोक फटीत घालून उचकटलं तर येणारा आवाज वेगळा असतो, आणि त्यानंतर तिथे राहणारा ओरखडा बेस विकेपर्यंत साथ देतो.

सुटलेल्या नेकचा बुडखा उलटा करून पाहण्यासारखा असतो. फुलर्टनच्या कारखान्यात तिथे महिना आणि वर्ष पेन्सिलीने लिहीत किंवा शिक्क्याने उठवत. जुन्या बेसचं वय या चार आकड्यांवरून ठरतं आणि किंमतही. खाचेच्या तळाशी बहुधा आणखी काहीतरी सापडतं: पुठ्ठ्याचा तुकडा, पॉलिश पेपरची पट्टी, घडी घातलेलं बसचं तिकीट. हा कचरा वाटतो आणि केरात जातो. तो कचरा नसतो. मागच्या कुणीतरी तारांची उंची जुळवायला घातलेली ती पाचर असते, आणि तिचं महत्त्व तारा परत चढवल्यावर, कचऱ्याची गाडी येऊन गेल्यानंतर समजतं. कुठल्या बाजूला किती जाड काय होतं, हे फेकण्याआधी लिहून ठेवलेलं बरं.

नवा नेक आधी स्क्रूंशिवाय नुसता ठेवून पाहायचा. अंगठ्याच्या दाबाने सरकत जावा आणि मग हलू नये, इतपत घट्ट हवा. नेक धरून उचलला तर स्क्रूंशिवाय अख्खी बॉडी उचलली जाते का, ही हौशी लोकांची आवडती परीक्षा आहे. सुराशी तिचा काही संबंध नाही, पण उत्तीर्ण झालेला मालक ती घरातल्या प्रत्येकाला करून दाखवतो आणि कधीतरी एकदा बॉडी खाली पडते. नेक आत जातच नसेल तर बहुतेक वेळा दोष खाचेच्या कडेवर साचलेल्या रंगाचा असतो. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून कडेवरचा रंग हलका करायचा. तळाला हात लावायचा नाही. ठोकून बसवला तर खाचेच्या कोपऱ्यातून रंगाला तडा जातो. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात हे काम जुलैत करू नये. आषाढात दरवाजा चौकटीत अडतो म्हणून रंधा मारणाऱ्या घरात दिवाळीला कडी लागत नाही, तीच गत या खाचेची होते.

यानंतरचं काम सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी वेळ दिलं जाणारं: नेक सरळ बसवणं. नेक खाचेत नीट बसला म्हणजे तो सरळ असेलच असं नाही. खाच जेमतेम तीन इंच लांब, आणि नट तिच्यापासून दीड फुटाहून लांब. खाचेत अर्ध्या मिलिमीटरची ढील असेल तर ती नटपाशी सात-आठपट होऊन चार मिलिमीटरच्या आसपास जाते. जाड ई तार मग नेकच्या मधोमध सरकते, आणि बारीक जी तार शेवटच्या पडद्यांवर कडेवरून खाली घसरते. खाच पाहून हे कळत नाही, आणि नुसता नेक पाहूनही नाही. ब्रिजही सोबत पाहावा लागतो.

म्हणून जाणकार कारागीर ड्रिल हातात घेण्याआधी दोरा घेतो. ब्रिजवर जिथे ई आणि जी तारा बसतात तिथून नटच्या पहिल्या आणि शेवटच्या खाचेपर्यंत दोन दोरे ताणायचे आणि शेवटच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना कडेपर्यंत किती जागा उरते ते पाहायचं. ती सारखी असेल तर नेक सरळ. नसेल तर नेक केसभर इकडे, केसभर तिकडे करून पुन्हा पाहायचं. दोऱ्याऐवजी खऱ्या तारा सैल लावल्या तरी चालतात. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते टाळण्यासाठी लोक पुढे दोन-दोन दिवस घालवतात. नेक जागेवर आला की तो क्लँपने तसाच धरायचा, खाली कापड घालून. घरात क्लँप नसतो. मग धाकट्या भावाला किंवा बायकोला ‘फक्त दोन मिनिटं धर’ असं सांगितलं जातं. नेमक्या त्याच वेळी फोन वाजतो.

आता भोकं. काही नेक भोकं पाडूनच येतात, आणि ती बॉडीच्या भोकांशी जुळतील अशी अपेक्षा असते. पाठीमागच्या धातूच्या पट्टीवरची भोकं आडवी ३८ आणि उभी ५१ मिलिमीटरवर असावीत, असा फेंडरचा रिवाज. पण बॉडी एका कारखान्यातली आणि नेक दुसऱ्यातला, म्हणून चारपैकी तीन भोकं जुळतात आणि चौथं एक मिलिमीटरने हुकतं. चौथा जबरदस्तीने घातला तर तो बाकीच्या तिघांना आपल्या बाजूला ओढून नेक वाकडा करतो. त्यामुळे जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. बुजवायला कठीण लाकडाची गोल काडी आणि फेव्हिकॉल. रात्रभर वाळू द्यायचं. मेपल कठीण असतं, आणि आगपेटीच्या काड्या कोंबून बुजवलेलं भोक स्क्रूला फार दिवस धरत नाही, हे बहुतेकांना काड्या कोंबून झाल्यावर कळतं.

नवं भोक नेमकं कुठे पाडायचं हे नेक जागेवर धरून, बॉडीच्या भोकातूनच ठरवायचं. बॉडीच्या भोकात बसेल अशा जाड बिटचं टोक हाताने दोनदा फिरवलं की मेपलवर मध्यभागी एक ठिपका उठतो. नेक काढून त्या ठिपक्यावर ३ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडायचं. खोलीचा हिशेब आधी करावा लागतो. बॉडी साधारण ४४ मिलिमीटर जाड, त्यातून खाचेचे १६ गेले की २८ उरतात. स्क्रू ४५ मिलिमीटरचा. म्हणजे पट्टीची जाडी सोडून नेकमध्ये जेमतेम १५ मिलिमीटर स्क्रू शिरतो. बुडखा सगळा मिळून २५ मिलिमीटर, त्यातली वरची काही मिलिमीटर शिसवी पट्टीची. बिटवर टोकापासून १७ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळायची आणि ती लाकडाला टेकली की थांबायचं. ड्रिल वेगात असतं, चिकटपट्टी सुटून वर सरकते, आणि काम झाल्याच्या समाधानात भोकातून उजेड दिसतो. हे भोक शेवटच्या पडद्यांच्या आसपास, पट्टीच्या दर्शनी बाजूला निघतं. तिथे शिंपल्याचा गोल तुकडा बसवला की ते सजावटीत मोडतं, आणि जोडीला तसेच आणखी दोन बसवले तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

बॉडीतली भोकं वेगळ्या प्रकारची. स्क्रूने नेकला पकडायचं असतं, बॉडीला नाही. बॉडीतून तो बिनअडथळा, सैल जायला हवा, म्हणून तिथे ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक लागतं. हे उलटं वाटतं. घट्ट तितकं चांगलं, असा सर्वसाधारण समज. पण स्क्रूचे आटे बॉडीतही रुतले तर नेक आणि बॉडी यांच्यात जी फट असेल ती तशीच धरून ठेवली जाते. पेचकस कितीही पिळला तरी फट मिटत नाही, स्क्रूचं डोकं मात्र झिजतं. नेक नीट चिकटत नाही म्हणून लोक खाच खरवडतात, बुडखा घासतात, नेक कंपनीला शिव्या घालतात. दोन मिनिटांत बॉडीची भोकं मोठी केली असती तर काम झालं असतं.

स्क्रू घालण्याआधी आटे मेणबत्तीवर घासून घ्यावेत. मेपलमध्ये कोरडा स्क्रू पिळताना तो अर्ध्यात तुटू शकतो, आणि तुटलेला अर्धा भाग काढायला जी हत्यारं लागतात ती या घरात नसतात. साबणही चालतो असं काही जण सांगतात, पण साबण हवेतला ओलावा ओढतो आणि स्क्रू गंजतो. पावसाळी भागात मेणच बरं. चारही स्क्रू आधी सैल लावून मग तिरक्या जोड्यांनी आवळायचे. हाताच्या पेचकसानेच, पॉवर ड्रायव्हरने आवळले तर मेपलचे आटे क्षणात भरडले जातात आणि पुन्हा गोल काडी, पुन्हा फेव्हिकॉल, पुन्हा रात्रभर.

तारा चढवल्या की पुढचा प्रश्न समोर येतो: कोन. ब्रिजचे सॅडल पार खाली टेकलेत तरी तारा नेकवरून फार उंच जात असतील, तर नेक किंचित मागे झुकवावा लागतो. त्यासाठी बुडख्याच्या ब्रिजकडच्या टोकाखाली पाचर घालतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पाचरीने ब्रिजपाशी सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून हात आखडता ठेवावा. कारखान्यांनीही पुठ्ठा वापरलेला आहे, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डाच्या तुकड्याची लाज बाळगायचं कारण नाही. पाचरीमुळे आवाज मरतो, खाचेत लाकडाला लाकूडच टेकलं पाहिजे, असं मानणारा एक पंथ आहे. त्या पंथातले लोक पूर्ण लांबीची, उतरती मेपलची पाचर करवून घेतात आणि तिच्यासाठी पुष्कळ पैसे मोजतात. फरक ऐकू येतो असं ते सांगतात. डोळे बांधून ऐकायला मात्र सहसा कुणी तयार होत नाही.

नट, खुंट्या, पडद्यांच्या कडा यांची कामं कंटाळवाणी पण सरळ आहेत. खुंट्यांची भोकं जुन्या खुंट्यांना मोठी पडतात किंवा लहान, तेव्हा नेकबरोबर खुंट्याही मागवलेल्या बऱ्या. ट्रस रॉडचं मात्र वेगळं सांगायला हवं. नव्या नेकला दोन-तीन दिवस तारांच्या ताणाखाली राहू दिल्यावरच त्याला हात लावावा, आणि एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. जुन्या फेंडर पद्धतीच्या नेकला ट्रस रॉडचा नट (खाचांची पट्टी नव्हे, सळई आवळायचा नट) बुडख्यात असतो. पाव फेऱ्यासाठी तारा सैल करा, स्क्रू काढा, नेक उचला, फिरवा, बसवा, सूर लावा, आणि पाव फेरा जास्त झाला हे लक्षात आल्यावर सगळं पुन्हा. ज्यांनी नेक निवडताना हा नट खुंट्यांच्या टोकाला असलेला घेतला त्यांचा दूरदर्शीपणा या घडीला कळतो. शेवटी बाराव्या पडद्यावरचा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा स्वर, जुळेपर्यंत सॅडल सरकवायचे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

पट्टा गळ्यात अडकवल्यावर नव्या नेकचं वजन कळतं. बेसचा नेक लांब, खुंट्या जड, आणि बॉडी हलकी असली की डावा हात सोडताच नेक जमिनीकडे झुकतो. वादक मग संपूर्ण कार्यक्रम डाव्या हाताने वाजवतो आणि त्याच हाताने नेक धरून ठेवतो. हलक्या खुंट्या किंवा खरखरीत, रुंद पट्टा हे यावरचे उपाय. बॉडीत शिशाचे तुकडे भरणारेही आहेत, पण मग खांदा तक्रार करतो.

एवढं सगळं झाल्यावर हा बेस नक्की कुठला, असा प्रश्न विकायच्या वेळी उभा राहतो. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडरचा क्रमांक पाठीमागच्या पट्टीवर असे, पुढे तो खुंट्यांच्या भागावर गेला. त्यामुळे जुन्या बेसचा नेक बदलला तरी क्रमांक बॉडीकडेच राहतो. नव्या बेसचा नेक बदलला की क्रमांक नेकबरोबर निघून जातो आणि मागे बेनामी बॉडी उरते. सुटे नेक करणाऱ्या काही अमेरिकी कंपन्या फेंडरच्या परवान्याने तो आकार वापरतात. परवान्याचा शिक्का कित्येकदा बुडख्यावर असतो, म्हणजे नेक बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी. समोरच्या भागावर मात्र काहीच नाव नसतं. ती रिकामी जागा बहुतेक मालकांना सहन होत नाही आणि आठवडाभरात तिथे स्टिकर येतो. जाणकार खरेदीदार म्हणूनच स्टिकरकडे पाहत नाही. तो चार स्क्रू काढायला सांगतो.

उरलेला जुना नेक नीट ठेवला तर पुन्हा उपयोगी पडतो. ट्रस रॉड सैल करून, नुसता भिंतीला टेकवून न ठेवता, सपाट किंवा खुंट्यांच्या भागापासून टांगून, कोरड्या जागी ठेवावा. पत्र्याखालचा माळा ही कोरडी जागा नव्हे. मे महिन्यात तिथे लाकूड भाजून निघतं आणि जुलैत भिजतं, आणि दोन वर्षांत नेक असा पिळवटतो की दारामागचा आडणा म्हणूनही चालत नाही. काढलेले चार स्क्रू आणि तिकिटाची ती पाचर एका पिशवीत घालून नेकलाच बांधावी, आणि पिशवीवर कुठल्या बेसचं आहे ते लिहावं. नुसतं ‘बेस’ एवढंच लिहून भागत नाही, कारण तोवर घरात दुसरा आलेला असतो.